एल्कोचं काउबॉय कविसंमेलन आणि 'कवी अज्ञात'

सॉल्टलेककर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण या वेळी लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

सॉल्ट लेक सिटीत राहून अकरा वर्षं झाली. ऑफिसातला एक सहकारी दर जानेवारीअखेरीस दोन दिवस रजा टाकून नेवाडातल्या एल्को नावाच्या गावी जातो. मला वाटायचं कसिनोत जात असेल. यंदा विचारलं तर म्हणाला, "कविता ऐकायला." हा माणूस दिवसभर व्हॉल्व्हची ड्रॉइंग तपासतो आणि शब्द मोजून बोलतो. म्हटलं, बघून तर येऊ.

एल्को आमच्यापासून साधारण २३० मैल, इंटरस्टेट ८० नं सरळ पश्चिमेला. आधी मैलोनमैल पांढरंफटक मिठाचं मैदान, मग वेंडोवर, आणि त्यापुढे बर्फ आणि त्यातून डोकं वर काढणारी सेजची खुरटी झुडपं. एल्कोचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे असतं हे साफ विसरलो, त्यामुळे सकाळच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं तासभर आधीच रिकाम्या हॉलमध्ये हजर. बायकोनं काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मेळाव्याचं नाव नॅशनल काउबॉय पोएट्री गॅदरिंग. पहिला भरला १९८५ च्या जानेवारीत. हाल कॅनन आणि त्याच्यासारखे लोकसाहित्याचे अभ्यासक पश्चिमेकडच्या राज्यांतून कविता म्हणणारी माणसं हुडकत फिरले होते. वॅडी मिचेल हा नेवाडाचाच, रँचवर राबणारा गडी, तोही सुरुवातीपासून त्यांच्या सोबत. भर थंडीत का, तर तेव्हाच या लोकांना सवड असते. एकदा गाई व्यायला लागल्या की रात्रंदिवस डोळ्याला डोळा नाही. म्हणजे आपल्याकडे सुगी झाल्यावर जत्रा, तसंच हे.

खुल्या मंचावर एक सत्तरीपुढचे आजोबा आले. गळ्यात रेशमी रुमाल, त्याला ते लोक 'वाइल्ड रॅग' म्हणतात. डोक्यावर सपाट माथ्याची हॅट. हातात कागद नाही. आधी सांगितलं, "ही कविता ब्रूस किस्कॅडनची," आणि मग सुरुवात. चौथ्या-पाचव्या कडव्याला अडखळले. दोन क्षण छताकडे बघितलं, मग हॅट काढली आणि ओळ आत लिहून ठेवल्यासारखे त्यात डोकावले. हॉलभर हशा. तेवढ्यात मागून कुणीतरी बाईनं नुसते दोन शब्द हळूच टाकले आणि आजोबांची गाडी पुन्हा रुळावर. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. त्या बाईंनाही ती कविता पाठ होती, एवढंच.

नंतर कॉफीच्या रांगेत त्यांच्याशी हात मिळवला तर उजवा अंगठा अर्धाच. माझी नजर त्यांनी टिपली असावी. स्वतःच सांगितलं: या भागातले बकारू, म्हणजे इकडचे काउबॉय, लांब दोर वापरतात, जनावर फाशात सापडलं की दोराचे वेढे खोगिराच्या पुढच्या खुंट्याला मारायचे. त्याला 'डॅली' म्हणतात. वेढा घालताना अंगठा मध्ये आला आणि पलीकडून बैलानं झटका दिला तर अंगठा दोराबरोबर जातो. टेक्सासवाले दोर खुंट्याला आधीच पक्का बांधून टाकतात, म्हणून त्यांचे अंगठे शाबूत, असं म्हणून खदखदून हसले.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. तिथला प्रत्येक जण कविता सुरू करण्याआधी कवीचं नाव घेतो. इतकं कटाक्षानं, की मी त्या सहकाऱ्याला कारण विचारलं. तो म्हणाला, कारण आधी फार जणांची नावं बुडाली.

मग महिनाभर वाचत बसलो. खरंच बुडाली आहेत. बॅजर क्लार्क घ्या. साउथ डकोटात वाढला, क्षयामुळे ॲरिझोनात जाऊन राहिला, तिथून घरी कविता लिहून पाठवल्या. त्यातली एक सावत्र आईनं परस्पर मासिकाला दिली आणि दहा डॉलरचा चेक आला. पुढे १९३७ मध्ये तो साउथ डकोटाचा पहिला राजकवी झाला. तरी त्याची काउबॉयच्या प्रार्थनेची कविता शुभेच्छापत्रांवर छापली जायची ती 'कवी अज्ञात' म्हणून. माणूस जिवंत, सरकारदरबारी राजकवी, आणि स्वतःच्याच कवितेखाली स्वतः अज्ञात!

मोंटानाचा डी. जे. ओमॅली. १८९३ मध्ये माइल्स सिटीच्या पशुपालकांच्या पत्रात त्याची कविता छापून आली. शरदातलं काम उरकलं की आईला भेटायला घरी जाणार असलेला आणि त्याआधीच बुजलेल्या गुरांखाली सापडलेला पोरगा. ती तोंडातोंडी पसरली, चाल लागली. १९२५ मध्ये कार्ल स्प्रेग या टेक्सासच्या गायकानं तिची रेकॉर्ड काढली आणि ती तुफान खपली. गाणं घराघरात, ओमॅली कुणालाच ठाऊक नाही.

आणि किस्कॅडन. कोलोरॅडो-ॲरिझोनाच्या रँचवर राबला, सिनेमाच्या नादानं लॉस एंजेलिसला आला, किरकोळ कामं केली आणि शेवटी हॉटेलात बेलबॉय झाला. पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या, आणि घंटी वाजेपर्यंत मधल्या वेळात कविता लिहायच्या. पशुपालकांच्या पत्रात त्या दर महिन्याला यायच्या, गुरांच्या बाजाराच्या कॅलेंडरवर चित्रासकट छापायचे. रँचच्या स्वयंपाकघरात भिंतीला ते कॅलेंडर, म्हणजे आपल्या कालनिर्णयच्या मागच्या पानासारखं, जाता-येता वाचलं जायचं. पोरांना त्या कविता पाठ झाल्या त्या अशा. १९५० मध्ये वारला. आज एल्कोत त्याचं नाव आदरानं घेतात, पण त्यानं हा मेळावा पाहिला नाही.

इथल्या कुणी हा प्रकार ऐकलाय का? बाकी कुठे असं भरतं का?

---

चहाबाज

मस्त लेख. फोटो डकवा की राव. आणि जेवणाचं काय? नेवाडात शाकाहारी माणसाचे हाल होत असतील.

---

सॉल्टलेककर

@चहाबाज, हाल होतात, पण बटाटा सगळीकडे आहे. गंमत म्हणजे काउबॉयच्या गावात प्रसिद्ध जेवण बास्क लोकांचं. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातले हे लोक मेंढ्या राखायला इकडे आले. मेंढीवाल्यांचं आणि गाईवाल्यांचं गवतावरून हाडवैर. आज गाईवाल्यांचे नातू मेंढीवाल्यांच्या खानावळीत लांब टेबलावर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवतात. स्टार हॉटेल १९१० पासून आहे. सूप, सॅलड, बीन्स आधीच समोर आणून ठेवतात, त्यावरच माझं पोट भरलं.

फोटो काढले नाहीत. कविता चालू असताना फोन वर करणं बरं दिसेना.

---

शब्दप्रामाण्य

लेख वाचनीय आहे, पण एक प्रामाणिक शंका. घोडा, गवत, सूर्यास्त, आई, देव आणि शेवटी ठोक यमक. याला कविता म्हणायचं का? लोकसंस्कृती म्हणून कौतुक करा, हरकत नाही. पण 'कवी' हा शब्द जरा जपून वापरावा असं माझं मत. संमेलनात हास्यकवी वेगळे बसवतात ते उगाच नाही.

---

रानवाट

@शब्दप्रामाण्य, घ्या, आलातच का तुम्ही :)

बक रॅम्झी नावाचा एक टेक्सासचा माणूस होता, अमारिलोचा. जन्म १९३८. तरुणपणी घोड्याच्या अपघातात कमरेखालचं शरीर निकामी झालं, उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत. त्यानं काउबॉयच्या आयुष्यावर दीर्घ कविता लिहिली आणि त्यासाठी छंद कुठला घेतला? पुश्किननं 'येवगेनी ओनेगिन'साठी बांधलेलं चौदा ओळींचं कडवं. गुरांमागे धावलेला माणूस रशियन कवीचा आकृतिबंध उचलतो आणि त्यात गवताचं गाणं बसवतो. हे 'ठोक यमक' नव्हे. १९९५ मध्ये त्याला अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलावंतांसाठीचा तिथला सर्वांत मोठा सन्मान.

आणि यमक का, तर हे पाठ करून म्हणायचं वाङ्मय आहे. घोड्यावर वही कुठे धरणार? यमक ही स्मरणशक्तीची खुंटी. आपल्या आज्यांना शेकड्यांनी ओव्या येत होत्या त्या मुक्तछंदात नव्हत्या.

जाता जाता: बंकहाउसमध्ये, म्हणजे गड्यांच्या झोपायच्या खोलीत, किपलिंगही पाठ म्हटला जायचा. त्याच्या ठेक्याचा या लोकांवर चांगलाच परिणाम आहे. आणि किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत, जे. जे.च्या आवारात. आता म्हणा काही.

---

शब्दप्रामाण्य

पुश्किनचं माहीत नव्हतं. वाचतो. बाकी मत तूर्तास कायम.

---

मोटकरी

सॉल्टलेककर साहेब, दंडवत. मी सांगलीकडचा, आता पुण्यात. आमचे आजोबा मोट हाकायचे. बैल मागं सरताना आणि पुढं जाताना वेगवेगळं गाणं असायचं. गाणं थांबलं की बैल थांबायचा, असं ते सांगत. काढणीला भलरी. शेजारच्या वाडीतले धनगर मेंढरं बसवून सुंबरान मांडायचे. म्हणून विचारतो, हे काउबॉय लोक गुरांसाठी गायचे का, की नुसतं आपल्या मनोरंजनासाठी?

---

रानवाट

@मोटकरी, गुरांसाठीच. आणि यात काव्यबिव्य काही नाही, निव्वळ धंद्याची गरज.

१८६६ नंतरची वीसेक वर्षं टेक्सासमधून हजारो गुरं पायी उत्तरेला, कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत नेत. रात्री कळप उघड्या माळावर बसवायचा. कुंपण नाही. दोन स्वार कळपाभोवती उलट्या दिशांनी चकरा मारत राहायचे, रात्रीच्या पहाऱ्याची पाळी असायची. काळोखात काडी मोडली, वीज चमकली, एखादा घोडा अंग झाडून उभा राहिला, तरी पुरे. सगळा कळप एकदम उधळतो. त्यात माणूस मेला तर सकाळी ओळख पटायची पंचाईत. स्वार गुणगुणत राहिला की गुरांना तो कुठे आहे ते कळतं, तो अंधारातून अचानक पुढ्यात येत नाही. म्हणून चाली संथ, घोड्याच्या चालीच्या. शब्द कुठलेही चालायचे: चर्चमधली भजनं, आयरिश गाणी, आणि ते संपले की शिव्या त्याच चालीत. गाईला शब्दार्थ कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तुमच्या आजोबांच्या मोटेच्या गाण्याशी याचं नातं आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांना नवल वाटलं नसतं.

---

मोटकरी

नाहीच वाटलं असतं. म्हणाले असते, "मग जनावराशी बोलायचं कसं?"

---

गाणंवेडी

कवितेचं झालं, आता गाण्याचंही होऊ द्या. एक गैरसमज आधी खोडते: वेस्टर्न म्युझिक म्हणजे कंट्री नव्हे. 'कंट्री अँड वेस्टर्न' असं जोडनाव बरीच वर्षं चाललं, मग बाजारानं मागचं अर्धं नाव गाळून टाकलं. कंट्रीत दारू, ट्रक, घटस्फोट. वेस्टर्नमध्ये माळ, घोडा, पाणी, आभाळ आणि तीन-चार आवाजांचा मेळ. हे फारच ढोबळ आहे, कळतंय मला, पण सुरुवातीला उपयोगी पडतं.

तो आवाजांचा मेळ ज्यांनी घडवला ते सन्स ऑफ द पायोनियर्स. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसला जमलेली पोरं. त्यातला बॉब नोलन हा खरा कवी. पोटासाठी गोल्फच्या मैदानावर लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचा. वाळवंटातल्या तहानेवरचं आणि वाऱ्यावर गडगडत जाणाऱ्या काटेरी झुडपांवरचं, अशी त्याची दोन गाणी अजून सगळे गातात. सॉल्टलेककर, तुमचा बेलबॉय आणि माझा कॅडी, एकाच गावात, दोघेही दुसऱ्यांचं ओझं उचलून! याच चमूतला लेनर्ड स्लाय पुढे रॉय रॉजर्स या नावानं सिनेमातला गाणारा काउबॉय झाला.

बायका नव्हत्या असं कुणी म्हणेल तर पॅट्सी मोंटाना ऐका. १९३५ चं तिचं गाणं, त्यातलं योडलिंग म्हणजे गळ्यानं मारलेल्या कोलांट्या. कवितेत जॉर्जी सिकिंग. १९२१ मध्ये ॲरिझोनात जन्म, आयुष्यभर पुरुषांच्या बरोबरीनं गुरं राखली, जंगली घोडे पकडले, आणि मग मंचावर येऊन तेच सांगितलं. २०१६ मध्ये गेली.

आणि शांत रात्री हेडफोन लावून डॉन एडवर्ड्स ऐका. एक गिटार, एक माणूस. २०२२ मध्ये तोही गेला. ते वर्षच वाईट होतं. बॅक्स्टर ब्लॅकही त्याच वर्षी गेला. मूळचा गुरांचा डॉक्टर, मग विनोदी कवी, टीव्ही-रेडिओवर सगळ्या अमेरिकेला हसवलं.

---

माई_कॅल्गरी

आणि डिसेंबरात इयान टायसन. गाणंवेडी, आमच्या कॅनडातल्या, अल्बर्टाच्या माणसाला विसरलीस की गं.

तो तरुणपणी रोडिओत घोड्यांवर बसायचा. घोट्याचं हाड मोडून इस्पितळात पडला तेव्हा वेळ जाईना म्हणून गिटार शिकला. साठच्या दशकात लोकगायक म्हणून मोठं नाव झालं, आणि मग सगळं सोडून लाँगव्ह्यूजवळ रँचवर येऊन राहिला. ऐंशीच्या दशकात काउबॉयच्या रोजच्या आयुष्याची गाणी लिहिली आणि एल्कोचे लोक त्याला आपला मानू लागले.

मला त्याचं नंतरचं गाणं जास्त आवडतं. २००६ साली उघड्यावरच्या एका कार्यक्रमात खराब साउंड सिस्टीमशी झुंजता झुंजता आवाज कायमचा बिघडला. तो मऊ, गोल आवाज गेला तो गेलाच. दुसरा कुणी थांबला असता. हा त्या घोगऱ्या, खरवडलेल्या आवाजात पुढे गात राहिला, नवी गाणी रेकॉर्ड केली. आमचे हे म्हणायचे, "हा आता गात नाही, सांगतो." लाँगव्ह्यूहून जाताना पश्चिमेला रॉकीज दिसतात ना, तिथे गाडी थांबवून आम्ही दोघं त्याची कॅसेट ऐकायचो. आता मी एकटीच जाते, कॅसेट मात्र गाडीत आहे. नव्या गाडीला प्लेअर नाही, तरी आहे.

---

गाणंवेडी

माई __/\__

---

उलटतपासणी

सगळं छान चाललंय, म्हणून थोडं मीठ टाकतो.

एक म्हणजे 'अस्सल अमेरिकन काउबॉय' हे प्रकरण मुळात मेक्सिकन आहे. बकारू हा शब्द स्पॅनिश 'वाकेरो'चा अपभ्रंश. लॅरिअट म्हणजे 'ला रेआता'. धागाकर्त्यांना एल्कोत भेटलेल्या आजोबांचा अंगठा खाणारी 'डॅली' हीसुद्धा 'दार ला वुएल्ता', म्हणजे वेढा मारणे. खोगीर, दोर, हॅट, शब्द, सगळं उसनं. गोऱ्या लोकांनी इंग्रजीत यमकं जुळवली.

दोन, ट्रेलवरच्या, म्हणजे गुरं पायी उत्तरेला नेणाऱ्या, दर चारांतला एक काउबॉय काळा होता असा अंदाज इतिहासकार सांगतात. सिनेमात किती दिसले? डॉम फ्लेमन्स या गायकानं २०१८ मध्ये काळ्या काउबॉयच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

तीन, ज्या माळावर हे 'घर' बांधलं तो माळ कुणाचा होता, हे कोण सांगणार? हेन्री रिअल बर्ड हा क्रो जमातीचा रँचर आणि कवी, २००९ ते २०११ मोंटानाचा राजकवी. घोड्यावर बसून शेकडो मैल फिरला आणि वाटेत लोकांना कवितांची पुस्तकं वाटली. त्याला ऐका, मग सूर्यास्ताची गाणी ऐका.

---

सॉल्टलेककर

@उलटतपासणी, तिन्ही मुद्दे मान्य, आणि दुसरा तर माझ्याच विषयात येऊन बसतो. 'होम ऑन द रेंज' हे गाणं सगळ्यांना माहीत आहे. त्याची कुळकथा सांगतो.

शब्द ब्रूस्टर हिग्ली नावाच्या डॉक्टरचे. काउबॉय नव्हे, डॉक्टर! १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅन्ससच्या स्मिथ काउंटीत ओढ्याकाठी लाकडी खोपटात राहायचा. चाल डॅनिएल केलीची. स्थानिक पेपरात छापून आलं आणि मग वाऱ्यावर गेलं. मूळ कवितेत 'होम ऑन द रेंज' हे शब्दच नाहीत! ते वाटेत कुणीतरी घातले.

जॉन लोमॅक्स काउबॉय गाणी गोळा करत हिंडत होता. सॅन अँटोनिओत त्याला दारूचं दुकान चालवणारा एक काळा माणूस भेटला, पूर्वी गुरांच्या तांड्याबरोबर स्वयंपाकी म्हणून गेलेला. त्यानं हे गाणं म्हटलं, लोमॅक्सनं मेणाच्या नळकांड्यावर उतरवून घेतलं आणि १९१० च्या संग्रहात छापलं. आज जग गातं ते बरंचसं त्या स्वयंपाक्याच्या तोंडून आलेलं. गाण्यावर त्याचं नाव कुठे आहे?

पुढची गंमत. गाणं रेडिओवर गाजल्यावर १९३४ मध्ये ॲरिझोनाच्या एका जोडप्यानं पाच लाख डॉलरचा दावा ठोकला, की गाणं आमचं. रेडिओवाल्यांनी घाबरून ते वाजवणंच बंद केलं. मग एक वकील गावोगाव जुनी माणसं गाठत फिरला आणि कॅन्ससपर्यंत माग काढून हिग्लीचं नाव सिद्ध केलं. हिग्ली तोवर कधीच वारला होता. १९४७ मध्ये ते कॅन्ससचं राज्यगीत झालं.

---

शब्दप्रामाण्य

म्हणजे काउबॉयचं सर्वांत प्रसिद्ध गाणं काउबॉयनं लिहिलेलंच नाही. मग एल्कोत 'खरा काउबॉय' कोण हे ठरवतात कसं? दाखला मागतात की अंगठा बघतात?

---

सॉल्टलेककर

=)) अंगठा चालेल.

तिथेही हा वाद आहेच. काही जुनी मंडळी म्हणतात, गुरं राखली नाहीत त्यानं नुसतं दुसऱ्याचं म्हणावं, स्वतःचं लिहू नये. माझ्यापुरतं सांगतो. दुपारी एक पोरगा आला, नवी कोरी हॅट, हातवारे भरपूर, टाळ्याही पडल्या. त्याच्यानंतर एक बाई आल्या, खिशात हात घालून उभ्या राहिल्या आणि थंडीत अडलेली गाय सोडवतानाची कविता म्हटली. हात कुठवर आत घालावा लागतो, कोपरापुढे काय हाताला लागतं, बोटं कशी बधिर होतात. टाळ्या कमी पडल्या. पण माझ्या शेजारचा माणूस नकळत स्वतःचा दंड चोळत होता.

---

रानवाट

व्वा.

वॉलेस मॅक्रेचा उल्लेख कसा नाही अजून? मोंटानाचा रँचर, १९९० ची हेरिटेज फेलोशिप. त्याची सर्वांत गाजलेली कविता कशावर आहे, तर पुनर्जन्मावर! एक काउबॉय मित्राला विचारतो, हा पुनर्जन्म काय प्रकार आहे. मित्र समजावतो: तू मेलास, पुरला, मातीत विरघळलास. वर गवत उगवलं, त्यात एक फूल. घोडा आला, ते फूल खाल्लं, जे लागलं ते अंगी लागलं आणि उरलेलं मागं टाकून गेला. मी तिथून जाताना त्या ढिगाकडे बघून विचार करीन, की गड्या, तू काही फारसा बदलला नाहीस.

आपल्या कीर्तनकारांनी चौऱ्याऐंशी लक्ष योनी इतक्या थोडक्यात उरकल्याचं ऐकिवात नाही. हाच माणूस आपल्या भागातल्या उघड्या कोळसा खाणींविरुद्ध गंभीरपणे लिहीत आणि लढत राहिला, ते मात्र लोकांना आठवत नाही. विनोदी कवीचं हे नेहमीचं दुखणं.

---

चहाबाज

कविता आजच ऑफिसात सांगतो. एक साहेब डोळ्यांसमोर आहेत.

अवांतर: सरकार या मेळाव्याला पैसे देतं का?

---

रानवाट

सुरुवातीला सरकारी कलानिधीची मदत होती. २०११ मध्ये नेवाडाच्या हॅरी रीड यांनी सिनेटमध्ये अर्थसंकल्पाच्या कपातीवर बोलताना या मेळाव्याचं उदाहरण दिलं आणि विरोधकांनी काउबॉय कवितेची यथेच्छ टर उडवली. राजकारण इथेच थांबवू, नाहीतर धागा दोनशेला जाईल.

---

उलटतपासणी

सॉल्टलेककर, अजून एक नाव तुमच्या यादीत घाला. जॅक थॉर्प. लोमॅक्सच्याही आधी, १९०८ मध्ये, न्यू मेक्सिकोत २३ गाण्यांची छोटी पुस्तिका छापली. त्यातली काही त्याची स्वतःची, पण तो संग्राहकच समजला गेला. 'लिटल जो'चं गाणं त्याचं. लोमॅक्सनं ते निनावी म्हणून घेतलं. शेवटी १९२१ च्या वाढीव आवृत्तीत थॉर्पनं सांगून टाकलं, की हे मी लिहिलंय.

आपल्याकडे उलटं दुखणं आहे. कुणाचंही काहीही असो, खाली पुलंचं नाव टाकून फॉरवर्ड.

---

मोटकरी

तुमचा तो बेलबॉय दोन दिवस डोक्यातून जाईना. काल रात्री चार ओळी सुचल्या. शब्दप्रामाण्य साहेब, यमक ठोक आहे, आधीच सांगतो.

घोडा गेला, कुरणं सुटली, हाती परकं ओझं;
कागदातलं रान तेवढं अजून आहे माझं.
लिहिता लिहिता घंटी वाजे, गुरं पांगती रानी;
बॅगा ठेवुन परते खाली, पुन्हा जमवतो गाणी.

---

शब्दप्रामाण्य

तिसरी ओळ कविता आहे. बाकीच्या तीन तिच्या पुण्याईवर चालून जातील.

---

मोटकरी

तुमच्याकडून एवढं मिळालं, भरून पावलो.

---

माई_कॅल्गरी

मोटकरी, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात म्हणू का? नाव सांगूनच म्हणेन.

---

मोटकरी

माई, अवश्य. नाव आयडीचंच सांगा, खरं नाव सांगितलंत तर घरी कळेल की मी ऑफिसच्या वेळात काय करतो.

---

गाणंवेडी

मंडळी, आत्ताच सासूबाईंच्या भजनी ग्रुपवरून मला या चार ओळी आल्या. मागे गुलाबाचं फूल, वर 'शुभ सकाळ', खाली 'कवी : अज्ञात'. आणि शेवटच्या ओळीत 'बॅगा'च्या जागी 'पिशव्या' केलंय.

---

मोटकरी

नाव गेलं ते गेलं. पण 'पिशव्या'नं मात्रा मोडली की हो!